वसंतकाका दार उघडत नाहीत

मी बेल दाबली आणि आतून वसंतकाका बोलले, "कोण छे? अत्यारे नहीं. पछी आवजो."

कोण आहे, आत्ता नको, नंतर या. जड, थोडा वैतागलेला, दुपारच्या झोपेतून उठवलेल्या माणसाचा आवाज, आणि शेवटी एक खोकला. मी जागची हलले नाही. वसंतकाकांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि गोत्रीच्या त्या अख्ख्या सोसायटीत ही गोष्ट त्यांच्या बायकोशिवाय फक्त मला माहीत होती.

पुढचं सांगण्याआधी माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी बडोद्याबाहेरच्या एका केमिकल फॅक्टरीत सेफ्टी डिपार्टमेंटला होते. गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला तेव्हा नोकरी सोडली आणि सुभानपुऱ्यात एक गाळा घेतला. तिथे मी कुलपं, कॅमेरे आणि डोअर-फोन विकते. बसवूनही देते. भरतभाई नावाचा एक जुना सुतार माझ्याबरोबर असतो. काहीही बसवण्याआधी मी गिऱ्हाइकाच्या घराचा सर्व्हे करते, म्हणजे घरभर फिरून कशाची भीती आहे आणि कशाची असायला हवी ते बघते.

फॅक्टरीत आम्ही प्रत्येक धोक्याला दोन प्रश्न विचारायचो. हे घडायची शक्यता किती? आणि घडलंच तर किती वाईट होईल? या दोन उत्तरांचा गुणाकार म्हणजे रिस्क. एवढंच शास्त्र आहे, त्यात काही जादू नाही. पण घराची गोष्ट आली की माणसं गुणाकार करत नाहीत, व्हॉट्सॲप वाचतात. कुठल्याशा गावात कुठल्याशा टोळीने कुणाचं तरी घर फोडल्याचा मेसेज फिरतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात कुलपं संपतात. धंद्याच्या दृष्टीने मला तक्रार करायला जागा नाही. तरी राग येतो.

सुलभाकाकू पवार माझ्याकडे अशाच एका मेसेजनंतर आल्या होत्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, डभोईच्या शाळेतून रिटायर झालेल्या. डभोईचं घर विकून गोत्रीत टेनामेंट घेतलं होतं. टेनामेंट म्हणजे आमच्याकडची एकाला एक चिकटलेली छोटी बैठी घरं, पुढे ओटा आणि वर एक खोली. काकूंचं घर रांगेत शेवटचं होतं. एका बाजूला हंसाबेन पटेल, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत आणि मोकळा प्लॉट.

त्यांनी दुकानाच्या काउंटरवर एक पिशवी उपडी केली. त्यातून एक व्हिडिओ डोअर-बेल निघाली.

"ही डभोईच्या घरची आहे. इथे बसवून दे," त्या म्हणाल्या. "आणि दाराला आतून आणखी दोन कड्या. पुढे जाळीचं दार आहेच, त्याला आतून मोठं कुलूप."

"घरात कोण कोण असतं, काकू?"

"मी आणि हे."

मी भरतभाईला घेऊन गेले. जाळीच्या आत, दाराशी पुरुषाच्या चामडी चपला होत्या. वर गॅलरीत दोरीवर पुरुषाचा पांढरा सदरा वाळत होता, पाणी टपकत होतं. टेबलावर दोन ताटं उपडी घातलेली. काकूंच्या गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर ठसठशीत कुंकू. वरच्या खोलीचं दार बंद होतं. काका झोपले असतील असं समजून मी भरतभाईला ड्रिल हळू चालवायला सांगितलं.

बेल बसवली आणि टेस्टिंगसाठी बटण दाबलं. तेव्हा पहिल्यांदा तो आवाज ऐकला.

"जागे झाले वाटतं काका," मी म्हणाले. "सॉरी, आमच्यामुळे..."

काकू भरतभाईकडे बघत होत्या. तो बाहेर ओट्यावर सामान आवरत होता. त्यांनी दार लोटलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "ते नाहीत. डभोईलाच गेले. सहा महिने झाले."

मी वरच्या बंद दाराकडे बघितलं, मग मला बाहेर नुकतीच बसवलेली बेल आठवली.

गोष्ट साधी होती. या बेलमध्ये क्विक रिप्लाय नावाची सोय असते. आपण आपल्या आवाजात एक वाक्य भरून ठेवायचं. कोणी बटण दाबलं की बेल ते वाक्य बाहेर बोलते. वसंतकाका रेल्वेत गार्ड होते. शेवटच्या आजारात भेटायला येणाऱ्यांनी त्यांना भंडावून सोडलं होतं. पलंगावरून उठायला लागू नये म्हणून मुलीने पुण्याहून ही बेल पाठवली आणि काकांनी स्वतः ते वाक्य भरलं. डभोईत बाहेर सगळे गुजराती, म्हणून गुजरातीत. मग काका गेले आणि वाक्य राहिलं.

"तिथे सगळ्यांना माहीत होतं मी एकटी पडले ते," काकू म्हणाल्या. "भाजीवाल्यापासून सगळ्यांना. एकटी बाई म्हणजे उघडं घर. इथे कोणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलंय मी."

त्यांनी खरंच पक्कं ठरवलं होतं. रोज सकाळी काकांचा एक सदरा पाण्यातून काढून वाळत घालायचा. चपला सकाळी बाहेर तोंड करून ठेवायच्या, संध्याकाळी आत तोंड करून. अनोळखी माणूस दारात आला तर आत वळून "अहो, बघता का जरा" म्हणायचं आणि थोडा वेळ थांबायचं. शेजाऱ्यांना सांगितलं होतं की काकांना बरं नसतं, माणसं सहन होत नाहीत. एकट्या राहणाऱ्या बायका दाराशी पुरुषाचे बूट ठेवतात हे मला नवीन नव्हतं. मीही कधीकधी तसा सल्ला देते. पण हे प्रकरण सल्ल्याच्या खूप पुढे गेलेलं होतं. मंगळसूत्रसुद्धा त्यासाठीच घातलेलं. चोराला घाबरून अंगावर सोनं घालणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

मी सर्व्हे केला. गोत्रीच्या आमच्या भागातल्या पोलीस चौकीत एक ओळखीचे जमादार आहेत. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, इथे गाड्या जातात, दिवाळीत गावाला गेलेल्यांची घरं फुटतात, रस्त्यावर बायकांच्या गळ्यातल्या चेन ओढतात. आत माणूस असलेलं बंद घर कोण कशाला फोडेल?

मी ते काकूंना सांगितलं. "काकू, चोर यायची शक्यता अगदी कमी आहे. तुम्ही बाथरूममध्ये घसरायची शक्यता पुष्कळ जास्त आहे. आणि घसरलात तर या तीन कड्या आणि जाळी ओलांडून आत कोण येणार?"

"पडले तर पडले. पडलेल्या बाईची बातमी कधी पेपरात येते का?"

"एक किल्ली हंसाबेनना द्या. आणि आतून एकच कडी लावा, बाहेरून किल्लीने उघडेल अशी."

"तिला किल्ली दिली की ती आत येणार. आत आली की विचारणार, काका कुठेत? मग काय सांगू?"

कुलूप बदलता येतं, पण हे खोटं सगळ्या कुलपांच्या आत बसलेलं होतं. निदान मुलीचा फोन बेलला जोडू द्या म्हटलं, तर त्यालाही नाही. मुलगी दिवसभर तेच बघत बसेल म्हणे. शेवटी मी कड्या बसवल्या. गिऱ्हाईक पैसे देऊन काम सांगतं, तेव्हा दुकानदाराने किती वेळ वाद घालायचा?

पुढे दर काही महिन्यांनी बेलची बॅटरी चार्ज करायला आणि जाळीला तेल घालायला मी जायची. आधी फोन करायचा, मग जायचं, बेल दाबायची, काकांचं ऐकायचं, मग आतून कड्या एकेक करून निघाल्याचे आवाज यायचे. सोसायटीत काकांची चांगली ओळख झाली होती. हंसाबेन रोज संध्याकाळी मंदिरातून येताना बटण दाबून "जय श्री कृष्ण, काका" म्हणायच्या. "काका बहु कडक छे," त्या मला कौतुकाने सांगायच्या. सोसायटीचे सेक्रेटरी किरीटभाई तर शपथेवर सांगायचे की त्यांनी काकांना वरच्या गॅलरीत उभं राहिलेलं बघितलंय, पांढऱ्या सदऱ्यात. "मैंने हाथ भी किया. उन्होंने देखा नहीं," ते म्हणायचे. मी मान डोलवायची. पण त्या दिवशी घरी जाताना मी स्कूटर नेहमीपेक्षा जोरात चालवली. सदरा वाऱ्याने हलला असेल, दुसरं काय? तरी मनात आलं, इतकी माणसं रोज ज्याच्याशी बोलतात तो नसतो कसा?

आता त्या सकाळकडे येते.

मी निघण्याआधी फोन केला होता. उचलला नाही. आंघोळीला गेल्या असतील म्हणून निघाले, कारण वेळ आधीच ठरलेली होती. दुपार व्हायची होती, पण उन्हाळ्यामुळे गल्ली ओस पडली होती. बेल दाबली, काका बोलले, आणि कड्यांचे आवाज आले नाहीत.

पुन्हा फोन लावला. आत कुठेतरी रिंग वाजत होती. वाजून वाजून थांबली. पुन्हा बेल दाबली. "कोण छे? अत्यारे नहीं. पछी आवजो." खोकला.

मग आजूबाजूला बघितलं. जाळीला दुधाची कापडी पिशवी अडकवलेली होती. आत दोन दिवसांच्या पिशव्या होत्या. खालची फुगून फुटली होती आणि मुंग्यांची रांग जाळीवरून ओट्यावर उतरत होती. वर गॅलरीत दोरीवर नुसते चिमटे होते. दीड वर्षात मी ती दोरी रिकामी बघितली नव्हती.

हंसाबेन त्यांच्या ओट्यावर आल्या. "शुं थयुं, जाधवबेन?"

"काकू दार उघडत नाहीत. काल दिसल्या का तुम्हाला?"

"ना, काकी नथी देखाया. पण काका छे ने अंदर. हमणां ज तो बोल्या." आत्ताच तर काका बोलले, म्हणून त्या अगदी निश्चिंत होत्या. "काल सांजे हुं हांडवो आपवा आवी हती. काकाए कीधुं, पछी आवजो. एटले हुं पाछी गई."

काल संध्याकाळी त्या हांडव्याच्या वड्या घेऊन आल्या आणि काकांनी परत पाठवलं. हंसाबेन म्हणाल्या, काल दुपारी गॅसचा मीटरवाला आला होता, त्यालाही पाठवलं. आज पहाटे दूधवाल्याने कालचं दूध तसंच बघून मुद्दाम बेल दाबली होती. काका बोलले म्हटल्यावर तोही गेला. सगळ्यांनी चौकशी केली होती आणि सगळ्यांना उत्तर मिळालं होतं.

"हंसाबेन," मी म्हणाले, "काका नथी."

"बहार गया छे?"

"गुजरी गया छे. बे वरस थयां. हा आवाज बेलमध्ये भरलेला आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. मग एक पाऊल मागे सरकल्या, आणखी एक, आणि त्यांच्या ओट्याच्या कठड्याला पाठ लागली तेव्हा थांबल्या. "हुं तो रोज..." एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. त्यांना धीर द्यायला माझ्याकडे वेळ नव्हता.

मी भरतभाईला फोन करून ग्राइंडर घेऊन यायला सांगितलं आणि घराच्या बाजूच्या बोळात शिरले. बाथरूमची झडपेची खिडकी तिथे उघडते. काकूंनी तीही चोराच्या भीतीने आतून प्लायवूड ठोकून बंद केली होती. मी भिंतीला कान लावला आणि हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. मग आतून अगदी बारीक, प्लॅस्टिकचा मग फरशीवर आपटल्यासारखा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

मला रडूच आलं. पण रडून जाळी तुटत नाही.

बाहेर येईपर्यंत किरीटभाई आले होते. हंसाबेननी त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला होता. कोणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन केला होता. "मॅडम, पहले पुलिस को आने दो," किरीटभाई म्हणाले. "बंद घर है. ऐसे तोड़ना ठीक नहीं. और आप जो बोल रही हैं, वो... मैंने खुद देखा है उनको."

"काकू आत पडल्यात. जिवंत आहेत. मी तोडते, पोलीस आले की मला पकडायला सांगा."

भरतभाई आला आणि आम्ही सुरुवात केली. जाळीचं कुलूप मीच विकलेलं होतं. गिऱ्हाइकाला दाखवताना मी अभिमानाने सांगायची की हे सहजासहजी कापलं जात नाही. ते खरंच सहजासहजी कापलं गेलं नाही. मग दार. लॅच ड्रिलने उडवलं. राहिल्या वरची, मधली आणि खालची कडी. वरची आणि खालची माझी. लांब स्क्रू, जाड पट्टी, चौकटीत खोल बसवलेली. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्या स्वतःच्या चांगल्या कामाला शिव्या घालत होते.

मध्येच भरतभाईने जोर लावायला खांदा चौकटीला टेकला. बेलचं बटण दाबलं गेलं.

"कोण छे?" वसंतकाका म्हणाले. "अत्यारे नहीं. पछी आवजो."

भरतभाईने ग्राइंडर टाकून दिला. खोकला गल्लीत जमलेल्या सगळ्यांना ऐकू आला. त्याआधी त्यांनी तो शेकडो वेळा ऐकला असेल, पण आता कोणाचा आहे हे कळलं होतं.

"ए घंटडी काढो, बेन," भरतभाई म्हणाला. "हुं हाथ नहीं लगाडुं."

मी स्क्रूड्रायव्हर घालून बेल उचकटली. काढताना अंगठा पुन्हा बटणावर पडला आणि ती माझ्या मुठीत बोलायला लागली. स्पीकरच्या थरथरीने तळहाताला मुंग्या आल्या. मी बॅटरी ओढून काढली. आवाज "पछी" वर तुटला. एका माणसाला मध्येच गप्प केल्यासारखं वाटलं मला, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडून "माफ करा काका" निघून गेलं.

दार शेवटी बिजागरीकडून निघालं. आत अंधार होता. सगळे पडदे ओढलेले, पंखा चालू, टेबलावर दोन ताटं उपडी. बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं. काकू कुशीवर पडलेल्या होत्या, एक पाय विचित्र वळलेला, हातात मग. ओठ सुकून पांढरे पडले होते. मी खाली बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने ओठ ओले केले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या दाराकडे बघत होत्या.

"त्यांना सांग गं," त्या म्हणाल्या, "आता गप्प बसा म्हणावं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, त्या उन्हाळ्यात आणखी एक दिवस पाण्याशिवाय निघाला नसता. पुण्याहून मुलगी आली. तिला ऐकून धक्का बसला तो आईच्या पडण्याचा कमी आणि बाबा इथे अजून बोलत होते याचा जास्त.

काकू बोलायला लागल्यावर मी एकदा हॉस्पिटलमध्ये त्यांच्याजवळ बसले होते. मुलगी चहाला गेली होती. काकूंनी आपणहून विषय काढला.

"आदल्या दिवशी पहाटे आंघोळ झाल्यावर घसरले. उठता येईना, नळापर्यंत हातही पोचेना. म्हटलं, कोणीतरी येईल. आणि आले गं. बेल वाजली की मी हाक मारायला तोंड उघडायची, तेवढ्यात हे बोलायचे. यांचा आवाज केवढा, माझा केवढा. बाहेरचा माणूस यांचं ऐकायचा आणि जायचा. हंसाचा आवाज आला मला. जय श्री कृष्ण म्हणाली. आणि यांनी तिला घालवलं."

मी त्यांचा हात धरला.

"राग आला होता मला त्यांचा. पहिल्यांदा. जिवंतपणी कधी आला नसेल एवढा. मग रात्र झाली. पाय दुखायचा थांबला, काही कळेनासं झालं. तेव्हा मी परत बेलची वाट बघायला लागले." त्यांनी चादर सारखी केली. "सुटका व्हावी म्हणून नाही हं. बेल वाजली की हे बोलतील म्हणून."

मी त्यांना पाणी दिलं.

इकडे सोसायटीत वातावरण तापलं होतं. काहींना फसवलं गेल्यासारखं वाटत होतं. मेलेल्या माणसाला रोज नमस्कार घालायला लावला म्हणून एकदोघी चांगल्याच चिडल्या होत्या. किरीटभाईंनी मीटिंग बोलावली आणि मलाही बोलावलं. त्यांना गेटवर आणखी कॅमेरे हवे होते. कशासाठी, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. मी विचारलं, या सोसायटीत कोणाच्या घरात चोर शिरलाय? हात वर करा. एकही हात वर आला नाही. मग विचारलं, कोणाच्या घरात कोणी बाथरूममध्ये पडलंय? एकेक करत जवळजवळ सगळे हात वर आले. किरीटभाईंचाही आला. त्यांची आई पडली होती. मी म्हटलं, कॅमेरे विकायला मला आनंदच आहे, पण आधी प्रत्येकाने बाथरूममध्ये धरायला दांडा लावा आणि एक किल्ली शेजारी द्या. दांडा मी विकत नाही, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

काकूंना पायाची काळजी नव्हती. त्यांना या लोकांसमोर जायची भीती वाटत होती. "डभोईलाच परत जाऊ का गं?" त्या मला विचारत होत्या. घर विकलेलं होतं, जाणार कुठे? घरी आणलं त्या दिवशी त्यांनी चेहरा पदराने झाकून घेतला होता. दाराला मी नवी फळी बसवली होती, आणि एकच कुलूप, बाहेरून किल्लीने उघडणारं.

दोन दिवसांनी हंसाबेन मला दुकानात भेटायला आल्या. त्यांनी काकांचा एक चांगला फोटो मागितला. मुलीकडून मिळवून दिला. रविवारी संध्याकाळी काकूंच्या घरात सतरंज्या अंथरल्या गेल्या, खुर्चीवर काकांचा फोटो ठेवला, सुखडाचा, म्हणजे चंदनाचा हार घातला. आमच्या बडोद्यात याला बेसणुं म्हणतात. कोणी गेलं की ओळखीचे सगळे पांढरे कपडे घालून येतात, फोटोपुढे फूल ठेवतात, थोडा वेळ गप्प बसतात आणि जातात. हे काही दिवसांत करायचं असतं. काकांचं दोन वर्षांनी झालं. बेसण्याला दार बंद ठेवत नाहीत, आणि बेलही कोणी वाजवत नाही. एकेक जण येत गेला. चिडलेल्या बायकाही आल्या. किरीटभाई फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. बहुतेक गॅलरीतला चेहरा ताडून बघत असावेत. मग त्यांनी हात जोडले.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. हंसाबेन त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काकू मोठ्याने, अगदी ओरडून रडल्या. दोन वर्षं त्यांनी रडण्याचा आवाज घराबाहेर जाऊ दिला नव्हता. गेला असता तर शेजारी कळलं असतं. आम्ही कोणी त्यांना थांबवलं नाही.

त्यानंतर सदरे कपाटात गेले, मंगळसूत्र मुलीकडे गेलं, किल्ली हंसाबेनकडे. बेलमधलं काकांचं वाक्य मी काकूंच्या मोबाईलवर काढून दिलं आणि बेल पुसून कोरी केली. वाटलं तर त्या ऐकायच्या. दार दिवसभर सताड उघडं. मी गेले की आता मीच ओरडायची, "काकू, निदान जाळी तरी ओढून घेत जा." त्या हसायच्या.

पावसाळा संपता संपता एका सकाळी हंसाबेनच्या फोनवरून काकूंचा फोन आला.

"वंदना, अगं चोर आला होता!"

"तुम्हाला काही केलं का? काय नेलं?"

"मला काय करतोय. मी पलीकडे हंसाकडे नाश्त्याला होते. खिडकीत मोबाईल चार्जिंगला लावला होता, हात घालून तेवढा घेऊन गेला."

मी खुर्चीत बसले. मोबाईलचं काही नाही, नवा मिळतो. पण काकांचा आवाज त्या मोबाईलवर होता आणि दुसरीकडे कुठेच नव्हता. बेल मी माझ्या हाताने कोरी केली होती.

"काकू, तो आवाज..."

"कळलं मला," त्या म्हणाल्या. मागे हंसाबेनच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं त्या रडताहेत. पण त्या बोलल्या तेव्हा आवाज स्वच्छ होता.

"दूधवाल्याला घालवलं, हंसाला घालवलं, मीटरवाल्याला घालवलं. चोर म्हणून एक कधी त्यांच्या वाट्याला आला नव्हता. आता आलाय तर बघू दे काय करतात ते."

मी दुपारी गेले. नवा फोन सुरू करून दिला, पोलिसात अर्ज लिहून दिला, आणि चार्जिंगचा पॉइंट खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला काढून दिला.